‘हे खरं व्हय काय, मॅडम?’

पाचवीपासून आठवीपर्यंतच्या मुलाला पुस्तक द्यायचं म्हटलं की मोठ्यांचा हात आपसूक गोष्टींच्या पुस्तकांकडे जातो. अकबर-बिरबल, तेनालीराम, इसापनीती. गोष्टी हव्यातच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मानोरा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गाला वाचून दाखवताना एक प्रश्न मला हमखास येतो : ‘हे खरं व्हय काय, मॅडम?’ आणि ‘हो, खरं घडलेलं आहे’ म्हटलं की मागच्या बाकावरची मुलं पुढं सरकून बसतात. बहुतेक करून तीच मुलं, जी गोष्टींच्या तासाला खिडकीबाहेर बघत असतात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जातं कुठं, एवढं जड विमान पडत कसं नाही, बिबट्या गावात का येतो, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. त्यांना वाचनाची आवड नाही असं आपण ठरवून टाकतो. त्यांच्या आवडीचं पुस्तक त्यांच्या हातात पडलेलं नसतं, एवढंच.

शाळेच्या कपाटात माहितीची पुस्तकं नसतात असंही नाही. चांगली दोन कप्पे भरून असतात. सामान्यज्ञानाचे संच, ‘थोरांची ओळख’ छापाच्या चोपड्या. एखादी उघडून पाहा. जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार, निधन, आणि शेवटच्या पानावर ‘आपणही त्यांचा आदर्श घ्यावा’. हा माणूस नेमका कशासाठी रात्र-रात्र जागला, कुठं अडला, त्याचं पहिलं उत्तर का चुकलं, यातलं एक अक्षर नसतं. मूल ते परीक्षेपुरतं पाठ करतं आणि पुन्हा त्या कप्प्याकडे फिरकत नाही.

म्हणून पुस्तक निवडताना मी पहिलं पान वाचतच नाही. पहिलं पान सगळेच मन लावून लिहितात. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं. त्या पानावर कुणीतरी काहीतरी शोधत असेल, मोजत असेल, खोदत असेल, तर पुस्तक पिशवीत. नुसतेच निष्कर्ष ओळीनं मांडलेले असतील, तर कागद कितीही गुळगुळीत असो, परत ठेवायचं. माझ्या मते या वयाच्या पुस्तकाची खरी कसोटी हीच : लेखक मुलाला त्या कामाच्या जागी नेऊन उभं करतो का?

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली आलं, आणि आजही आमच्या भागात त्याच्याइतकं लागू पडणारं दुसरं पुस्तक मला सांगता येणार नाही. गुलामीत जन्मलेला एक काळा मुलगा शिकतो, शेतीशास्त्रज्ञ होतो आणि 1896 मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथल्या शाळेत शिकवायला जातो. तिथं वर्षानुवर्षं कापूस एके कापूस घेऊन जमीन निकस झालेली, शेतकरी कर्जात. कार्व्हर त्यांना सांगतो, चवळी लावा, भुईमूग लावा, जमिनीला तिचं देणं परत द्या. आता ही कथा कुणाला सांगायची? ज्यांच्या बापाच्या, आज्याच्या आयुष्याचा हिशेब कपाशी आणि सोयाबीनवर चालतो, त्या मुलांना. अमेरिका त्यांना मुळीच लांबची वाटत नाही.

आठवीतली मुलं हे पुस्तक स्वतः वाचतात. सहावीला मी ते वाचून दाखवते, मोठी वर्णनं गाळून. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या एका पोराला ते काही पटेना. घरी एवढं सोयाबीन, पण गाठी त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. पोळ्याच्या आधीचे दिवस होते, पीक फुलावर आलेलं. शाळेलगतच्या वावराच्या मालकाला विचारून आम्ही एक झाड खुरप्यानं ढेकळासकट काढलं. उपटलं असतं तर गाठी मातीतच राहिल्या असत्या. बादलीतल्या पाण्यात माती हळूहळू सोडवली. मुळांना ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, मळकट पांढऱ्या गाठी लगडलेल्या. एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी, ओलसर. ‘रक्त हाय?’ एका मुलीनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याच्याच जातीचं लोहयुक्त द्रव्य त्या गाठीत असतं, आणि आतला भाग गुलाबी असला म्हणजे गाठ काम करते आहे. हिरवट किंवा करडी निघाली तर तिचं काम संपलं. मग वर्गभर गाठी फोडणं सुरू झालं. तेवढ्यात एक जण म्हणाला, ‘म्हनून आमचा आबा कपाशीत तुरीचं तास टाकते!’ तुरीमागं आबाचे आणखीही हिशेब असतात, ते मी सांगितले. पण पुस्तकातला कार्व्हर आणि घरातला आबा त्या पोरानं स्वतःच्या डोक्यानं जोडले होते.

याच लेखिकेनं वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांचंही चरित्र लिहिलं आहे. गदर चळवळीतला क्रांतिकारक पुढं मेक्सिकोत जाऊन मक्याच्या वाणांवर संशोधन करतो, हे आपल्याच विदर्भातल्या मुलांना ठाऊक नसावं याची मला फार हळहळ वाटते. ते आठवीच्या मुलांना द्यावं, त्याआधी नको.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन असतो आणि ‘अग्निपंख’ हमखास मुलांच्या हातात येतं. माधुरी शानभागांचा अनुवाद चांगला आहे, पुस्तक मोठंच आहे. पण सहावीच्या मुलाला ते अख्खं देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. रामेश्वरमचं बालपण मुलं रंगून ऐकतात. पुढं अग्निबाण, प्रकल्प, समित्या, अधिकाऱ्यांची नावं सुरू झाली की तीच मुलं गळतात, आणि ‘मोठी पुस्तकं आपल्याला झेपत नाहीत’ असा समज करून घेतात. पहिले भाग वर्गात वाचावेत, बाकीचं दहावीनंतर त्यांचं ते वाचतील.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे जरा वेगळा आहे. बंजारा तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी, अंगणातली वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी ही तिसरी. ‘उत्सर्जन’, ‘अधिवास’, ‘प्रकाशसंश्लेषण’ असे शब्द एका परिच्छेदात तीन-तीन आले की मूल थांबतं. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक बाजूला ठेवावं, असा नियम पुष्कळ ठिकाणी पाळतात. मी तो सरसकट पाळत नाही. ज्या मुलाला सापांचं वेड आहे ते सापाच्या पुस्तकातले दहा अवघड शब्दही पार करतं. तिथं चित्राखालच्या ओळी कामाला येतात. माझ्या मुली-मुलांपैकी कितीतरी जण आधी फक्त चित्रं आणि त्यांखालचा मजकूरच वाचतात, मग मागं वळून मुख्य मजकुरात शिरतात. वाचू द्यावं तसंच. चित्राखाली नुसतं ‘घुबड’ लिहिलेलं पुस्तक आणि ‘हे घुबड उंदीर अख्खा गिळतं, हाडं-केस नंतर गोळा करून ओकतं’ असं लिहिलेलं पुस्तक, यांत दुसरंच घ्यायचं.

पुस्तक घेताना आणखी एक गोष्ट हमखास तपासायची, ती म्हणजे आवृत्तीचं साल. सहलीला आम्ही लोणारला जातो. उल्का आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेलं हे विवर 1.8 किलोमीटर रुंद आहे. जुन्या पुस्तकांत त्याचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास लिहिलेलं सापडतं. नंतर आर्गॉन पद्धतीनं खडकांचं वय काढलं, ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. दोन्ही पुस्तकं मी शेजारी-शेजारी ठेवते. ‘मंग खोटं कोन बोललं?’ असं मुलं विचारतात. कुणीच नाही, मोजायची रीत सुधारली. हे एकदा कळलं की छापलेलं प्रत्येक वाक्य मुलं वेगळ्या नजरेनं वाचू लागतात. 2020 च्या जून महिन्यात या विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं झाल्याचं शोधलं; त्याआधी छापलेल्या पुस्तकात हे सापडणारच नाही. ज्या पुस्तकात प्लूटो अजून नववा ग्रह आहे, तेही मी टाकून देत नाही. 2006 मध्ये काय झालं ते शोधून काढायला लावते.

पैसे कमी असले तरी अडत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांतले विज्ञानावरचे, प्रवासावरचे लेख या वयासाठीच लिहिलेले आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा मोफत आहे. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब घेऊन त्रिकोण, चौकोन जोडायची त्यांची कृती आमच्या वर्गात फार चालते. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. मोबाइलचा मनोरा त्रिकोणांनीच का भरलेला असतो, हे मग सांगावं लागत नाही.

आणि ‘तोत्तोचान’! चेतना सरदेशमुख गोसावींनी केलेला हा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी खरीखुरी शाळा. मानोऱ्यात रेल्वे नाही, पण या पुस्तकाइतक्या चुरगळलेल्या कडा कपाटातल्या दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाच्या नाहीत.

मला जे पुस्तक अजून मिळालेलं नाही, ते आमच्याच तालुक्याचं आहे. पोहरादेवी इथून जवळ. 5 ऑक्टोबर 2024 ला तिथं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारे तांडे, मग रेल्वे आल्यावर बसलेला धंदा, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माथी मारलेला कलंक, आणि आज्यांच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे. एक बैल किती ओझं नेई, दिवसात किती मजल मारी, रात्री तांडा कसा रचत, हे सगळं नकाशे आणि चित्रांसह, बारा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत वाचता येईल असं मराठीत लिहिलेलं पुस्तक मला हवं आहे. सातवीच्या मुलांनी आपल्या आज्यांना विचारून वहीत लिहायला सुरुवात केली आहे, गोरमाटी शब्द तसेच ठेवून. कुणी अभ्यासक किंवा चित्रकार हे पुस्तक करायला घेणार असेल, तर या वह्या आम्ही आनंदानं देऊ.