आडवा पडलेला मासा

सुमात्रा व बोर्निओ येथील नद्यांतला क्लाऊन लोच हा नारिंगी अंगाचा, तीन काळ्या पट्ट्यांचा मासा पुष्कळजण काचेच्या हौदांत पाळतात. तो कित्येकदां तळाशीं कुशीवर निश्चल पडून राहतो. मेला असें समजून त्यास बाहेर काढण्याची घाई करूं नये; कल्ले संथपणें हलत असतील तर तो बहुधा विसावा घेत असतो. मधूनच टकटक असा आवाज करतो, तेंहि रोगाचें लक्षण नव्हे.

चिंता करावी ती अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागले म्हणजे. प्रत्येक ठिपक्यांत एक सूक्ष्म जंतु कातडीखालीं दडलेला असतो. तेथें औषध पोंचत नाहीं. जंतु वाढून बाहेर पडतो, तळाशीं एकाचे शेंकडों होतात, व ते नवा मासा शोधीत पोहूं लागले म्हणजेच औषध त्यांस मारूं शकतें. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार एकदम थांबवूं नये. लोचचे खवले मात्र फारच बारीक. तीव्र औषध त्यास बाधतें. पाणी हळूहळू ३० अंश सेल्सियसपर्यंत ऊन केल्यास जंतूंचें जीवनचक्र लवकर उरकतें. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो, यास्तव हवेचा पंप अखंड चालू ठेवावा.