जॅझची संध्याकाळ आणि आपले कान

वेल्हे परिसरातील एका वाडीतून दर महिन्याला रक्तदाब तपासून घेण्यासाठी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे येतात. वय ७९. सारी वाडी त्यांना 'आबा' म्हणते. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत असताना त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटे टेबलावर ताल धरून होती. तो भजनाचा ठेका नव्हता. हे काय, असे मी विचारले, तर ते त्यांना ऐकूच गेले नाही. आवाज चढवून पुन्हा विचारले, तेव्हा ते ओशाळून हसले.

"मुंबईचं डोक्यात बसलंय, डॉक्टरसाहेब. तरणा होतो तवा चर्चगेटच्या हाटेलात वेटर होतो. सांच्याला गोव्याची माणसं जॅझ वाजवायची. आम्ही ट्रे घेऊन भिंतीशी उभं ऱ्हायचो आन् ऐकायचो."

वाचकहो, भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत जॅझची आठवण निघावी, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. पण पोटासाठी मुंबई गाठलेली माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्या काळची मुंबई जॅझने खरोखरच गजबजलेली होती. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कलावंताचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे ही परंपरा मुख्यतः गोमंतकीय वादकांनी सांभाळली. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायला मिळत असे. चर्चगेट स्ट्रीटवरील, म्हणजे आजच्या वीर नरिमन मार्गावरील उपाहारगृहांत संध्याकाळी त्यांचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ऐकू येत. हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांच्या संगीताला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ लाभली होती. १९५१ च्या 'अलबेला'मधील भगवानदादांच्या नृत्यावर आपल्या आधीच्या पिढीने ताल धरला, तेव्हा नकळत जॅझच त्यांच्या पायांत उतरला होता.

ऐकणे हाच गाभा

पारंपरिक जॅझचा जन्म अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, तेथील कृष्णवर्णीय समाजात झाला. त्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. सर्वजण मिळून मूळ धून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येऊन त्या धुनेवर आपली उपज मांडतो. तेवढा वेळ इतर वादक आपला आवाज आवरतात आणि त्याला ठेका पुरवतात. शेवटी पुन्हा सारे एकत्र येतात. भजनात बुवांनी चरण घ्यावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, तसाच हा व्यवहार. दुसऱ्याचे ऐकल्यावाचून यातला एकही सूर जागेवर पडत नाही.

या प्रकारात शरीराला काय लाभते? ताल कानी पडला, की हालचालींचे नियंत्रण करणारे मेंदूचे भाग जागे होतात. आबांची बोटे हलतात ती त्यामुळेच. कंपवाताच्या रुग्णांची चाल सुधारण्यासाठी तालाचा उपयोग केला जातो, तोही याच आधारावर. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचे काही वर्षे निरीक्षण करून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन करणाऱ्या, पट-पत्ते खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नृत्य करणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. यावरून वाद्य हे औषध ठरत नाही. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख, तेच वाद्याकडे वळत असतील, असेही असू शकते. पण चार माणसांत बसून ऐकणे आणि डोलणे म्हातारपणाच्या एकटेपणावर गुणकारी आहे, हा माझा रोजचा अनुभव आहे.

भिंतीएवढा आवाज

मी आबांना म्हटले, "मग आबा, परवाच्या लग्नात तर मजा आली असेल?" त्यांनी मान हलवली. वरात निघण्याआधीच ते घरी परतले होते. "बाजा ऱ्हायला न्हाई आता. डॉल्बी लागली की छातीत धडधडतं, कानाला दडे बसतात. आमच्या टायमाला बाजा चालू असताना गिऱ्हाईकाची आर्डर ऐकू यायची."

वाचकहो, आबांच्या या शेवटच्या वाक्यात श्रवणाच्या आरोग्याचा सोपा निकष दडलेला आहे. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या पातळीवर गेला, असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे प्रौढांना चालते. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते, तर १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर. प्रत्येक ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून आकडा थोडासाच वाढला तरी हानी फार वाढते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

येथे जॅझलाही सूट नाही. लहान खोलीत ट्रम्पेटच्या थेट समोर बसल्यास तोही कानांना इजा करू शकतो. म्हणूनच बंदिस्त जागेत अनेकदा ट्रम्पेटच्या तोंडात बूच बसवून त्याचा आवाज मंद करतात.

घरच्यांनी काय करावे

आबांना ऐकू कमी येते, ही गोष्ट घरच्यांनी 'वय झाले' म्हणून सोडून दिली होती. उतारवयात प्रथम उच्च स्वर हरवतात. 'स', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. मग माणूस बोलणे टाळतो आणि हळूहळू कोपरा धरतो. मध्यमवयात दुर्लक्षित राहिलेले बहिरेपण हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गणले जाते.

म्हणून आपल्या घरासाठी एवढे अवश्य करावे:

- साठीनंतर दर वर्षा-दोन वर्षांनी श्रवणचाचणी करून घ्यावी. तत्पूर्वी कानात मळ साचला नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. काडी किंवा तेल घालू नये.
- श्रवणयंत्र सांगितले, तर संकोच करू नये. सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. हळूहळू सवय होते.
- मैफलीत किंवा वरातीत ध्वनिक्षेपकापासून दूर बसावे, मधूनमधून बाहेर येऊन कानांना विश्रांती द्यावी. तान्ह्या मुलांना तेथे नेऊच नये.
- कार्यक्रमानंतर कानात गुणगुण राहिली, तर तो इशारा समजावा. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.
- घरच्या लग्नात वाजवणारी माणसे बोलवावीत. आपल्या बँड पथकांतही क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट असतातच.

आबांच्या कानातला मळ काढला, पुण्याला श्रवणचाचणी झाली आणि यंत्र बसले. पहिले पंधरा दिवस ते कपाटातच होते. नातीने हट्टाने रोज थोडा थोडा वेळ लावायला लावले. गेल्या महिन्यात तपासणीस आले, तेव्हा मी भ्रमणध्वनीवर बेताच्या आवाजात एक जुनी जॅझची धून लावली. ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग बोट वर करून म्हणाले, "ही क्लॅरनेट. आता दुसरा घेईल बघा." आणि खरोखरच दुसऱ्या वादकाने धून घेतली.

एकादशीच्या भजनाला ते पुन्हा जाऊ लागले आहेत. आपल्या घरातही असे कोणी कोपऱ्यात बसले असेल, तर आज त्याच्याशी हळू आवाजात बोलून पाहा, आणि त्याला ऐकू जाते का, तेवढे तपासा.