पडद्यावरचा बाण, पायाखालची चटई

ऑटिझम असलेल्या किशोरांना व्यायाम नकोच असतो, हे म्हणणं अर्धवट आहे. पुष्कळदा आड येतो तो व्यायामाभोवतीचा गोंधळ: शिट्ट्या, आरडाओरडा, न सांगता ओळखायचे इशारे. १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने आणलेल्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' या व्हिडिओ गेममध्ये गाणी मोठ्याने वाजतात खरी, पण नियम एकच. पडद्यावर बाण वर सरकतो. तो ठरलेल्या खुणेला भिडला की चटईवरच्या त्याच दिशेच्या चौकोनावर पाय टाकायचा. चुकलं तर लगेच कळतं, आणि पडदा वैतागत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा खेळ खेळल्यावर, तसंच पडद्याला जोडलेली सायकल चालवल्यावर, ऑटिझम असलेल्या मुलांच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्याच त्या हालचाली कमी झाल्या आणि आकडे उलट क्रमाने म्हणणं सुधारलं. मात्र प्रत्येक गटात जेमतेम १०-१२ मुलं होती, त्यामुळे याला उपचार म्हणणं उतावळेपणाचं ठरेल.

'आधीच स्क्रीन सुटत नाही, त्यात आणखी एक?' ही पालकांची धास्ती रास्तच. पण बसून पाहण्याचा पडदा आणि घाम काढणारा पडदा एका मापाने मोजू नये. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. दम लागेपर्यंत नाचलेली मिनिटं त्यात धरायला हरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चटईवर जमलेलं मैदानात जमेलच असं नाही. पडद्याबाहेरचा व्यायाम शिकवायला महागड्या यंत्रापेक्षा साधा मोबाइल उपयोगी पडू शकतो. सूर्यनमस्काराची एकेक स्थिती वेगळ्या छोट्या व्हिडिओत, आवाज बंद ठेवून, मुलाला हव्या तितक्या वेळा दाखवता येते.