चित्रकाराची रेघ आणि नगराचा नकाशा

१९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्बुझिए ह्यांनी एक मंडप उभारिला होता. आत लेजे व ग्रिस ह्यांची चित्रे. आणि जोडूनच भावी पॅरिसचा देखावा. सीन नदीच्या उत्तरतीरावरील जुनी वस्ती पाडून तेथे क्रुसाच्या घाटाच्या, एकसारख्या अठरा गगनचुंबी इमारती!

हा शेजार आकस्मिक नव्हे. हे गृहस्थ स्वतः चित्रकार. १९१८ साली ओझांफां ह्या मित्रासह त्यांनी 'प्युरिझम' हा पंथ काढिला. अमूर्त कलेच्या उंबरठ्यावरचाच तो म्हणावयाचा. बाटली, पेला, गिटार ह्यांचा किरकोळ तपशील वगळून शुद्ध आकार तेवढा राखावयाचा, हे त्याचे व्रत. तेच त्यांनी शहरास लाविले. परंतु कापडावर वगळिला जातो तो तपशील. नगरात वगळिले जाते ते कुणाचे तरी राहते घर.

पॅरिस वाचले. १९५१ साली चंदीगढचे काम मात्र त्यांच्याकडे आले. ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब असे चौकोन, सरळ रस्ते. नगर नेटके झाले, ह्यात शंका नाही. पण ती भूमी कोरी नव्हती. तेथे गावे नांदत होती; कित्येक शेतकऱ्यांस जमिनी सोडून उठावे लागले. बुडैल गाव मात्र आजही ४५ व्या सेक्टरात आपल्या वाकड्या गल्ल्यांनिशी टिकून आहे.