पायली, शेर, कोळवे आणि द्विमान पद्धती : प्राथमिक आज्ञावलीतील संख्यारूपांतर

प्रस्तावना

'सी' भाषेच्या प्रारंभिक प्रात्यक्षिकांत दशमान संख्येचे द्विमान पद्धतीत रूपांतर करण्याची आज्ञावली विद्यार्थ्यास हमखास लिहावी लागते. संख्येस दोनाने भागत जावे, येणारी बाकी नोंदवावी व अखेरीस सर्व बाक्या उलट क्रमाने मांडाव्यात, ही कृती बहुतेकांना मुखोद्गत असते. क्रम उलटा का, हे मात्र क्वचितच सांगता येते. त्याचे उत्तर जुन्या धान्यमापनात सापडते.

मापांची उतरंड

मुळशी तालुक्यातील रिहे व परिसर हा भातशेतीचा प्रदेश. किलोग्रॅम रूढ होण्यापूर्वी मराठी मुलखातील अशा गावांत धान्य मापाने मोजले जाई. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी आणि दोन अडशेऱ्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट असल्यामुळे पायलीत ३२ कोळवी होतात. ही द्विमान पद्धतीच होय. निरक्षर माणूसही ती बिनचूक वापरीत असे.

समजा, तांदूळ ४५ कोळवी आहे. दोनाने भागल्यास २२ चिपटी होतात व १ कोळवे उरते. २२ चिपट्यांची ११ मापटी होतात, बाकी ०. पुढे ५ शेर व बाकी १ मापटे. २ अडशेऱ्या व बाकी १ शेर. १ पायली व बाकी ०. शेवटी पायलीची बाकी १. पहिली बाकी सर्वांत लहान मापाची असते, म्हणून ती उजवीकडे जाते. पायलीपासून वाचत आल्यास १०११०१ मिळते. तांदूळ तेवढाच राहिला, नोंद तेवढी बदलली. पाया संख्येला नसतो, लेखनाला असतो.

आज्ञावलीतील दोष

हा भेद न उमगल्याने एक चूक वारंवार होते. विद्यार्थी प्रत्येक बाकीस १, १०, १०० असे गुणून बेरीज एका पूर्णांक चलात साठवितो. म्हणजे द्विमान लेखन त्याने दशमान संख्या म्हणून साठविलेले असते. ५ किंवा १३ अशा लहान संख्यांना उत्तर बरोबर येते व दोष झाकलेला राहतो. 'टर्बो सी'मध्ये पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२७६७ आहे. ३१ चे उत्तर ११११११ नव्हे, ११११ही नव्हे, तर ११११११ पेक्षा एक अंक कमी, म्हणजे १११११. ते या मर्यादेत बसते. ३२ चे उत्तर १००००० मात्र बसत नाही आणि पडद्यावर उणे ३१०७२ उमटते. गंमत अशी, की आज्ञावली नेमकी पायली भरताच कोलमडते. ३२ बिटांच्या पूर्णांकात हीच चूक १०२४ या संख्येवर उघडकीस येते. बाक्या अ‍ॅरेमध्ये स्वतंत्र अंक म्हणून ठेवून शेवटाकडून छापणे हाच योग्य मार्ग.

भाजक बदलल्यास

पायलीच्या वर दुपटीचा नियम टिकत नाही. मणाच्या पायल्या तर प्रदेशागणिक बदलत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचेही तसेच होते : १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया. तरीही कृती तीच, केवळ भाजक पायरीगणिक वेगळा. १००० पैंना १२ ने भागल्यास ८३ आणे व ४ पै; ८३ ला १६ ने भागल्यास ५ रुपये व ३ आणे. आज्ञावलीत दोनाच्या जागी भाजकांचा अ‍ॅरे ठेवला, की हाही हिशेब त्याच आवर्तनात होतो.