निवाऱ्याची गरज मोजावी कशी?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपी गेली असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली, आणि किल्लारी, सास्तूर व त्यांच्या आसमंतातील कित्येक गावे दगडमातीच्या राशीखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता, शिवाय ६.२ प्रतीचा तो धक्का जगातील महाभूकंपांच्या मानाने मध्यमच होता. एवढा संहार झाला त्याला मुख्यतः घरांची बांधणी कारण झाली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती, आणि वर उन्हाचा ताप अडविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढवीत गेलेले जड माळवद, अशा घरांत माणसे निजलेली होती.

अशा आपत्तीनंतर सरकारी यंत्रणेचे पहिले काम म्हणजे पंचनामा. तलाठी व ग्रामसेवक घरोघर फिरतात, पडझड पाहतात, ती पूर्ण की अंशतः हे ठरवून दप्तरी नोंद करतात, आणि त्या नोंदीवरून मदतीची रक्कम ठरते. नुकसानभरपाईसाठी हा शिरस्ता आवश्यकच आहे. परंतु निवाऱ्याची गरज त्यावरून कळते असे मानणे मला मूलतःच चुकीचे वाटते. पंचनामा इमल्याचा होतो, आणि निवारा लागतो तो माणसाला. किल्लारीच्या परिसरात ज्यांची घरे उभी राहिली तेही भयाने उघड्यावर निजत होते, कारण त्यांच्याही डोक्यावर तेच माळवद होते. पडलेल्या घरांच्या यादीत त्यांचे नाव येणार कोठून? उलट, घर पडले तरी सारे कुटुंब नातलगांकडे गेले असेल, तर त्याला तंबूपेक्षा धान्य आणि गुरे राखण्याची सोय अधिक निकडीची असते. म्हणून आपत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत विचारावयाचा प्रश्न ‘किती घरे पडली?’ एवढाच नसून ‘आज रात्री कोण कोठे निजणार, आणि का?’ हाही आहे. त्यात बाळंतीण आहे काय, अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे काय, एकट्या स्त्रीला अंधारात शौचास किती दूर जावे लागते, दावणीची गुरे व ढिगाऱ्याखालचे धान्य सोडून शेतकरी दूरच्या छावणीत जावयास तयार आहे काय, हे सर्व येते.

हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही, कारण गरज पालटत राहते. पावसात डोक्यावर पत्रा आला म्हणजे माणसाला सुटल्यासारखे वाटते. तोच पत्रा मराठवाड्याच्या वैशाखात तान्ह्या मुलाला सोसवत नाही. तात्पुरते म्हणून उभारलेले पत्र्याचे निवारे पक्की घरे होईपर्यंत लोकांना वापरावे लागतात, आणि किल्लारीच्या पुनर्वसनाला काही वर्षे लागली. या मधल्या काळात पाणी पुरते काय, गळती कोठे आहे, कोण निघून गेले, कोण नव्याने आले, याची ठराविक मुदतीने फेरतपासणी झाली नाही, तर पहिल्या आठवड्याची यादीच शेवटपर्यंत प्रमाण धरली जाते.

आपत्तिसाहाय्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९९७ पासून ‘स्फीअर’ या नावाने किमान मानके सिद्ध केली. त्यांत तात्कालिक निवाऱ्यात दरमाणशी किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा असावी असे म्हटले आहे. हा आकडा फार थोडा आहे, परंतु त्यामागचे तत्त्व मोलाचे: जागा माणसांच्या संख्येवर ठरावी. किल्लारीच्या पुनर्वसनात मात्र पूर्णतः स्थलांतरित केलेल्या ५२ गावांमध्ये घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, आणि मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फूट. शेतकऱ्याला धान्य, अवजारे व गुरे यांसाठी अधिक जागा लागते, हे खरे. तरीही भूमिहीनाच्या घरी माणसे कमी असतात असे कोणी म्हणू शकणार नाही. २५० चौरस फुटांत स्फीअरच्या तात्कालिक मानाप्रमाणेही सात माणसे मावत नाहीत, मग हे तर कायमचे घर.

याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग मला अधिक अनुकरणीय वाटतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व बळकटीकरणाचे काम हाती घेतले गेले, आणि ते घरमालकांनी स्वतः करावयाचे होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. कोणाला काय मिळावयाचे, काम कसे व्हावयास हवे, कोठे अडले आहे, याविषयी त्या स्त्रिया घरमालकांशी बोलत, आणि गावची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत पोचवीत. देखरेख हा शब्द कागदी वाटतो. येथे ती चुलीपर्यंत पोचली होती. २००१ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या या स्त्रिया कच्छमधील स्त्रियांना अनुभव सांगण्यास गेल्या, हे त्या कामाचे मूल्यमापन कोणत्याही अहवालाइतकेच बोलके आहे.

ही चर्चा किल्लारीपुरती नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ प्रतीचा धक्का बसला आणि तो नांदेडपर्यंत जाणवला. जुलैत पुन्हा तसाच धक्का बसला. शिवाय धोका केवळ भूकंपाचा नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसरात, सहस्रकुंडाच्या कड्यावरून कोसळणारी पैनगंगा पावसाळ्यात काय रूप धारण करते हे तेथील लोकांस ठाऊक आहे. हा डोंगराचा, वनाचा, तांड्यांचा आणि आदिवासी वस्त्यांचा मुलूख. येथे पूर आला, तर पंचनाम्यातील एका शब्दाने कुटुंबाचे पुढचे वर्ष ठरेल. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार सपाटीवरील घर पूर्ण नष्ट झाल्यास, ते कच्चे असले तरी, १ लाख २० हजार रुपये ठरविलेले होते. ‘झोपडी’ नष्ट झाल्यास ८ हजार. गवत, माती, प्लास्टिक यांनी केलेला, कच्च्या घराहून हलका निवारा तो झोपडी, अशी तेथे व्याख्या होती. कुडाच्या भिंतींना मातीने लिंपलेले, तीन पिढ्या नांदलेले घर यांपैकी कशात घालावयाचे? आणि बांधकाम अधिकृत असावे ही अट असल्याने, गायरानावर राहणाऱ्याचे किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या घरनोंदीत नाव नसलेल्याचे काय?

हे निर्णय पुराच्या चिखलात उभे राहून घाईने करण्याचे नव्हेत. मृगापूर्वीच प्रत्येक वाडीतील व तांड्यातील घरांची, त्यांच्या बांधणीची व राहणाऱ्या माणसांची यादी ग्रामसभेत वाचून घ्यावी, ऊसतोडीला गेलेल्यांची बंद घरेही तीत धरावीत, आणि आपत्तीनंतर तीच यादी महिन्या-महिन्याने त्याच ग्रामसभेपुढे पुन्हा ठेवावी. त्यासाठी नवे खाते नको; तलाठी, ग्रामसेवक आणि अंगणवाडीसेविका यांना एकत्र बसविणारा तहसीलदारांचा एक हुकूम पुरेल.