जाळीपुढचा भिडू

दिवाळी उलटली, भातं झोडून झाली की महाड-पोलादपूरकडे मोकळ्या जागांत फक्कीच्या रेषा उमटतात. दोन पाइप, त्यांना ताणून बांधलेली जाळी आणि वर हॅलोजन. पावसाळ्यात इथे उघड्यावर काही खेळायचं नावच नको, म्हणून बॅडमिंटन सगळं थंडीत उरकायचं. कोर्ट एक आणि खेळणारे ढीगभर, त्यामुळे सिंगल्सला कोणी जागा देत नाही. डबल्समध्ये ज्याला त्याला मागे राहून स्मॅश हाणायचा असतो. जाळीपुढे धाडतात तो बहुतेक वेळा नवशिका.

ही वाटणी चुकीची आहे, हे आमच्या सरांचा खेळ नीट बघितला की कळतं. सर निवृत्त शिक्षक, साठी ओलांडलेले. धावपळ जवळपास नाहीच, तरी ते ज्या बाजूला असतील तिच्यावर पैज लावावी. एका संध्याकाळी मी शटलकडे बघायचंच सोडलं आणि नुसतं सरांकडे बघत बसलो.

सर्व्हिसची पुढची रेषा जाळीपासून १.९८ मीटरवर असते. सर तिच्या जराशा मागे, मधोमध उभे. अगदी जाळीला चिकटलं तर वेगानं आलेलं शटल कानाजवळून निघून जातं, हात उचलायलाही सवड मिळत नाही. गुडघे सैल, रॅकेट तोंडासमोर, जाळीच्या वरच्या पट्टीइतकी उंच. मागचा जोडीदार स्मॅश मारतो तेव्हा ते वळून बघत नाहीत. शटल डोक्यावरून पुढे गेलं की ज्या बाजूला गेलं तिकडे अर्धं पाऊल सरकतात. सरळ रेषेत परत येणारं शटल सर्वांत लवकर पोचतं, म्हणून आधी ती वाट अडवायची. तिरकं येणाऱ्याला अंतर जास्त, तेवढा वेळ हातात असतो.

मग नजर समोरच्याच्या रॅकेटवर. ती कमरेखाली गेली असेल तर शटल वर उठवण्यावाचून त्याला इलाज नाही. छातीसमोर असेल तर सपाट फटका येणार. सर मारतात तेही नुसत्या मनगटानं. हात लांब फिरवला आणि रॅकेट जाळीला लागली तर फाउल; शटल आपल्या बाजूला येण्याआधीच मारलं तरी फाउल.

पण अर्धी कामगिरी मागच्याकडून करून घ्यायची असते, आणि इथेच पोरांची गाडी अडते. "अरे, जोर नको लावूस. दोघांच्या मधे मार, पुढचं मी बघतो," सर सांगतात. मधे मारलं की परतीचे कोन आवळले जातात, शिवाय समोरचे दोघे एकमेकांकडे बघतात ते वेगळंच. उलट कडेच्या रेषेवर हाणलेला सुंदर स्मॅश परत आला, तर पुढच्याला अख्खी ६.१ मीटर रुंदी राखावी लागते.

पोरांच्या मोबाइलवर सात्विकसाईराजचा ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश असतो. २०२३ मध्ये जपानला चाचणीत नोंदवलेला, गिनीजनं मान्य केलेला. त्याच वर्षी दुबईत त्यानं मुंबईच्या चिराग शेट्टीबरोबर आशियाई अजिंक्यपद जिंकलं, ते सामने मात्र कोणी लावत नाही. चिराग पुढे असतानाच्या रॅली बघाव्यात. त्याची रॅकेट खाली आलेली फार क्वचित दिसेल.

पोलादपूरला डोंगर जवळ. रात्र पडली की गार वारा खाली उतरतो आणि नायलॉनचं शटल मागच्या माणसाला चकवतं. जाळीजवळ अंतरच थोडं, तिथे वाऱ्याचा तेवढा उपद्रव नाही. पोलादपूरची पोरं कबड्डीत मुरलेली. कोपरारक्षक चढाई करणाऱ्याचे पाय वाचतो तशी ती समोरच्याची रॅकेट पटकन वाचतात. खोड एकच, झेपावण्याची घाई. लवकर हललं की समोरच्याला दिसतं, आणि तो मोकळ्या कोपऱ्यात शटल टाकून मोकळा होतो.

त्यावर सरांचा उपाय असा: स्वतः पलीकडे उभे राहून शटल मारतात आणि पोरानं त्यांची रॅकेट पुढे यायला लागल्यावरच पाय उचलायचा. आधी उचलला तर पॉइंट सरांचा. पहिल्या दिवशी सगळे पॉइंट सरांचेच होतात. पोरं कुरकुरतात, "सर, मग पोचणार कधी?" सर पुढचं शटल उचलतात.